‘नुसतं ठेवलंय, मावशी’

मागच्या चतुर्दशीला आमच्या स्वाध्याय मंडळात एक विषय निघाला आणि मी एकटी पडले. विषय माझ्याच भाच्याचा होता. तो ओहायोत राहतो. दशलक्षणात एकाशन करतो, ऑफिसच्या पार्टीत पाण्याचा ग्लास धरून उभा राहतो, कांदा-बटाट्याला वीस वर्षांत हात लावलेला नाही. आणि त्याच्या घरच्या तिजोरीत पाच पिस्तुलं आहेत.

मंडळातल्या सगळ्यांचं म्हणणं एकच. “अगं, तो कुठं कुणाला मारतोय? छंद आहे पोराचा. पीत नाही, खेळत नाही. राहू दे की.”

मला ते राहू देता येत नाही. जानेवारीत मी त्याच्याकडे जाणार आहे. त्याची मुलगी साडेतीन वर्षांची आहे. मी आले की घरात विधान करायचं त्याच्या मनात आहे. त्याआधी हे लिहायलाच हवं होतं. त्याला विचारूनच लिहितेय. “लिही, मावशी. पण माझी बाजू नीट मांड,” एवढंच तो म्हणाला. तर आधी त्याचीच बाजू.

ही पिस्तुलं दुकानातून आणलेली साधी पिस्तुलं नाहीत. जुन्या, नावाजलेल्या सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलांवर एखाद्या कारागिरानं हातानं काम करून त्यांचं रूपच बदललेलं असतं. सेमी-ऑटोमॅटिक म्हणजे घोडा एकदा दाबला की एक गोळी सुटते, आणि त्याच धक्क्यानं रिकामी पुंगळी बाहेर पडून पुढची गोळी आपोआप जागेवर येते. अमेरिकेत यातलं सर्वांत मानाचं पिस्तूल म्हणजे जॉन ब्राउनिंगनं घडवलेलं कोल्ट. ते १९११ साली अमेरिकन सैन्यानं स्वीकारलं, म्हणून त्याला अजूनही १९११ असंच म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर काही बंदूक-कारागिरांनी ही पिस्तुलं घेऊन त्यांवर काम सुरू केलं. लुइझियानात जिम क्लार्क होता. त्यानं दोन पिस्तुलांचे स्लाइड, म्हणजे वरचा मागंपुढं सरकणारा भाग, कापून असे सांधले की लांब नळीचं नवंच पिस्तूल तयार झालं. लॉस एंजेलिसमध्ये पॅकमायरचा कारखाना होता. कॅलिफोर्नियातच आर्मंड स्वेन्सन होता, त्यानं डाव्या-उजव्या दोन्ही हातांनी सरकवता येईल असा सेफ्टीचा खटका रुळवला. न्यूयॉर्कमध्ये पॅरिस थिओडोर होता, त्यानं स्मिथ अँड वेसनचं मॉडेल ३९ घेऊन त्यातून ‘एएसपी’ नावाचं लहानसं पिस्तूल काढलं. क्लीव्हलंडमध्ये चार्ल्स केल्सीची ‘डेव्हेल’ होती.

हे कारागीर आता नाहीत. म्हणून त्यांच्या हातच्या कामाला किंमत आली आहे. भाचा सांगत होता, पूर्वी जुन्या पिस्तुलाला कुणी कानस लावली की त्याची किंमत पडायची, कारण संग्राहकांना कारखान्यातून निघालं तसंच हवं असायचं. आता कानस लावणारा हात कुणाचा, यावर किंमत ठरते. सोबत कारागिराचं पत्र किंवा जुनं बिल असलं तर ती आणखी चढते.

व्हिडिओ कॉलवर त्यानं मला एक दाखवलं. मुठीच्या पुढच्या पट्टीवर आडव्या-उभ्या बारीक रेघा होत्या, इंचात तीस, हातानं कोरलेल्या. एकही रेघ वाकडी नाही. खोटं कशाला बोलू, मला ते काम आवडलं. माझे वडील पितळी भांड्यांवर नावं घालायचे. ठोका चुकला की भांडं वाया, हे मी लहानपणी पाहिलंय. त्या रेघा कोरणाऱ्यानं श्वास रोखला असणार, हे मला कळलं. त्याच्या हाताबद्दल मला आदर आहे. वाद हाताशी नाही.

भाच्याचं पहिलं म्हणणं: “मावशी, ही कला आहे. तू चांदीची उपकरणी जपतेस ना, तसंच.”

तर मग ही कला काय काम करते ते पाहू. एएसपी घ्या. घोड्यामागच्या हातोडीचं टोक कापलेलं आहे, कारण कोटातून ओढताना ते कापडात अडकू नये. सगळ्या कडा घासून गोल केल्या आहेत, त्याही त्याचसाठी. मुठीच्या पट्ट्या पारदर्शक आहेत, कारण आत किती गोळ्या उरल्यात ते एका नजरेत दिसावं. पुढची नेम धरायची माशीच काढून टाकली आहे आणि तिच्या जागी वर एक पन्हाळीसारखी खाच आहे, कारण हे पिस्तूल लांबच्या नेमासाठी नाहीच. समोर दोन-चार हातांवर उभ्या असलेल्या माणसासाठी आहे. चांदीच्या कलशावरची वेल काढून टाकली तरी कलशात पाणी राहतं. वेल ही वर चढवलेली शोभा आहे. इथं शोभा वेगळी चढवलेलीच नाही. जी रेघ सुंदर दिसते, तीच रेघ माणसाला बेसावध गाठण्यासाठी काढलेली आहे. तो कारागीर जितका चांगला, तितकं ते काम नेमकं. म्हणून ‘मी फक्त कारागिरी पाहतो’ हे वाक्य मला पटत नाही. ही कारागिरी ज्या कामाची आहे, ते काम डोळ्यांआड करून ती पाहताच येत नाही.

त्यानं लगेच अडवलं. “क्लार्कची पिस्तुलं तशी नाहीत. ती कागदाच्या चक्रावर नेम मारायला होती.” हे त्याचं बरोबर आहे आणि मी ते मान्य केलं. त्याच्याच ओहायोत, एरी सरोवराच्या काठी कॅम्प पेरी नावाची जागा आहे. तिथं १९०७ पासून नेमबाजीच्या राष्ट्रीय स्पर्धा भरतात. कागदाला भोक पाडणं आणि माणसाला भोक पाडणं यांत फरक आहे, आणि आपला धर्म हा फरक कधीच पुसत नाही. संकल्पी, आरंभी, उद्योगी, विरोधी असे हिंसेचे चार भाग आपल्याकडे याचसाठी केलेत. पण भाच्याच्या पाचांत क्लार्कचं एकच आहे. उरलेली चार लपवून बाळगण्यासाठी केलेली आहेत. आणि त्याला सगळ्यांत प्रिय कुठलं म्हणाल, तर तेच पारदर्शक मुठीचं.

आता त्या १९११ ची जन्मकथा. फिलिपिन्समध्ये अमेरिकन सैन्य मोरो लोकांशी लढत होतं. लहान गोळीनं अंगावर येणारा माणूस थांबत नाही, अशी सैन्याची तक्रार झाली. म्हणून १९०४ साली जॉन थॉम्पसन नावाचा लष्करी अधिकारी आणि लागार्ड नावाचा लष्करी डॉक्टर शिकागोच्या कत्तलखान्यात गेले. तिथं त्यांनी जिवंत गुरांवर वेगवेगळ्या मापांच्या गोळ्या झाडल्या आणि कुठल्या मापानं जनावर किती वेळात कोसळतं, याची नोंद केली. माणसांच्या प्रेतांवरही प्रयोग केले. निष्कर्ष निघाला की सैन्याच्या पिस्तुलाची गोळी पॉइंट पंचेचाळीसपेक्षा लहान नसावी. त्या निष्कर्षातूनच पुढं हे पिस्तूल आलं.

मैत्रिणींनो, आपण औषधाच्या गोळीचं कवच जिलेटिनचं आहे का, हे दुकानदाराला विचारतो. साबणात चरबी आहे का ते पाहतो. रेशमाची साडी नेसायची की नाही यावर आपल्या मंडळात दोन वर्षं चर्चा झाली. आणि ज्या वस्तूचं माप जिवंत गुरांना गोळ्या घालून ठरवलं, ती वस्तू घरात आहे म्हटल्यावर ‘छंद आहे, राहू दे’? कारण काय, तर ती ताटात वाढली जात नाही. आपली अहिंसा ताटाच्या कडेशी येऊन थांबली आहे का, हा माझा तुम्हाला प्रश्न आहे. भाच्याला नंतर.

दुसरं म्हणणं: “नुसतं ठेवलंय, मावशी. मी गोळीही घालत नाही. चाळीस वर्षांपूर्वीची वस्तू आहे. माझ्यामुळं नवीन काहीच बनत नाही.”

याचं उत्तर शास्त्रात फार जुनं आहे. तत्त्वार्थसूत्राच्या सहाव्या अध्यायात आस्रवाची साधनं सांगताना जीवाचे एकशे आठ भेद सांगितलेत. संरंभ, समारंभ, आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. कृत, कारित, अनुमोदना हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार. तीन गुणिले तीन गुणिले तीन गुणिले चार. जपमाळेचे मणी एकशे आठ, ते यामुळेच असं आपण मुलांना शिकवतो. ‘मी केलं नाही’ यानं या हिशोबातला फक्त एक धागा सुटतो. दुसऱ्यानं केलेल्या कामाला मान डोलावली, त्यावर पैसे लावले, ते जगात टिकावं म्हणून धडपड केली, तर ती अनुमोदना नव्हे का? त्याच ठिकाणी अजीव साधनंही सांगितली आहेत: वस्तू घडवणं, वस्तू ठेवणं, वस्तू एकमेकींना जोडणं. ठेवणंसुद्धा! वस्तू न पाहता, निष्काळजीपणे, घाईनं कुठंतरी ठेवली तर त्याचाही दोष आचार्यांनी मोजला आहे. ‘नुसतं ठेवलंय’ म्हणून कुणी सुटत नाही.

आणि ‘ठेवलंय’ हेही पूर्ण खरं नाही. मी विचारलं, “पाच वर्षांपूर्वी तुझ्याकडं कुठली होती?” तेव्हा दुसरीच होती. दोन विकून एक घेतलं, एक देऊन वर पैसे घातले. संग्रह असाच वाढतो. संग्राहक हा विक्रेताही असतो. विकलेली कुठं गेली? त्याला माहीत नाही. कागदपत्रं सगळी कायद्यानं झाली, पण त्यापुढं ती कुणाच्या हातात, कुणाच्या उशाखाली गेली, कुणाच्या घरातून चोरीला गेली, ते कुणालाच ठाऊक नाही. लोखंड चाळीस वर्षांचं असलं तरी गोळी तशीच सुटते. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार सांगितले, त्यांत हिंसादान वेगळं सांगितलंय. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, शस्त्र, साखळदंड अशा वधाला कारण होणाऱ्या वस्तू दुसऱ्याला देणं म्हणजे हिंसादान. देणं फुकट असो की विकत, वस्तू हातातून गेलीच. अनर्थ या शब्दावर जरा थांबा. अर्थ नाही, गरज नाही, पोटापाण्याचा प्रश्न नाही, तरीही ओढवून घेतलेलं पाप. छंदाला यापेक्षा नेमका शब्द मला तरी माहीत नाही.

तिसरं म्हणणं, जे मंडळात काकूंनीही मांडलं: “आपल्यात योद्धे नव्हते का? चामुंडराय सेनापतीच होता ना?”

होता. गंग राजांचा सेनापती. श्रवणबेळगोळच्या डोंगरावर बाहुबली त्यानंच उभा केला. त्याची तलवार राज्य राखण्यासाठी होती. गृहस्थाला, राजाला, सैनिकाला विरोधी हिंसेची सूट आहे, ती अंगावर आलेल्या कर्तव्यापुरती. सीमेवरच्या जवानाच्या हातातल्या बंदुकीबद्दल मी एक शब्द बोलत नाही. पण ती सूट छंदाला कशी लागू होईल? आणि चामुंडरायानं मागं काय ठेवलं ते पाहा. डोंगरावर अंगावर सूतही नसलेला, हात मोकळे सोडून उभा असलेला भगवान. त्या मूर्तीच्या हातात काही नाही, हेच आपण तिथं शेकडो पायऱ्या चढून पाहायला जातो.

“मग तुझी विळी?” हाही प्रश्न आला. विळी भाजी चिरते. ती आरंभी हिंसा आहे, गृहस्थाला टळत नाही, म्हणून आपण आलोचना करतो. आणि काम झालं की विळी आडवी करून ठेवायची, उभी ठेवायची नाही, हे आईनं चार वर्षांची असताना शिकवलं. विळी माणसाला किती पटकन कापेल, यावर खूश होऊन कुणी पाच विळ्या जमवल्याचं मी ऐकलं नाही.

पिस्तूल म्हटलं की आपल्या भागातल्या माणसाला दुसरीही एक आठवण असायला हवी. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींवर ज्यातून तीन गोळ्या सुटल्या, ते इटलीत बनलेलं बेरेटाचं १९३४ मॉडेल होतं. तेही सेमी-ऑटोमॅटिक, खिशात मावणारं. ज्या माणसानं अहिंसेचे धडे मुंबईतल्या श्रीमद राजचंद्रांसारख्या जैन साधकाशी बोलून पक्के केले, त्याला ते लागलं. मारणारा पुण्याचा. आणि त्याचे चटके सातारा-सांगली-कोल्हापूरपर्यंत आले. ज्यांचा काही संबंध नव्हता अशा लोकांची घरं आमच्या गावांत जळाली. त्या जळक्या भिंती आजीनं मला दाखवल्या होत्या. एवढीशी वस्तू. कोटाच्या खिशात दिसतही नाही, आणि कुठल्या कुठं माणसं बेघर होतात. लपवता येणं हा या वस्तूचा गुण म्हणून तिथं मोजला जातो. मला तोच सर्वांत मोठा दोष वाटतो.

आता घरातली गोष्ट. अमेरिकेत २०२० साली एक ते एकोणीस वर्षांच्या मुलांच्या मृत्यूच्या कारणांत बंदुकीनं मोटार-अपघातांना मागं टाकून पहिला क्रमांक घेतला. तिथं बंदुकीनं होणाऱ्या एकूण मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. म्हणजे शस्त्र बहुतेक वेळा चोरावर किंवा शत्रूवर चालत नाही. ज्या घरात ते आहे त्या घरातल्याच कुणाच्या वाईट रात्री ते हाताशी असतं. तिजोरीला कुलूप आहे, आकडे आहेत, हे मला माहीत आहे. भाचा काळजीवाहू आहे. पण आकडे त्याला ठाऊक आहेत, आणि वाईट रात्र कुणावर येणार नाही असं नाही. माझी बहीण गेली त्या वर्षी तो महिनोन्‌महिने झोपत नव्हता. तेव्हा तिजोरी नव्हती. ती नव्हती म्हणून मी आज देवाला हात जोडते. हे त्याला मी पहिल्यांदाच सांगतेय, इथं लिहून.

शेवटी मी त्याला एकच विचारलं. “तुला कारागिरी आवडते ना? मग नळी बुजवून घे. आतली सुई काढून टाक. रेघा तशाच राहतील, खाच तशीच राहील, पारदर्शक मूठ तशीच राहील. काचेच्या कपाटात मांड, मी स्वतः पुसून ठेवीन.”

तो हसला. “मावशी, मग ते भंगार होईल. कुणी हात लावणार नाही.” आणि मग म्हणाला, “बंद पडलेलं घड्याळ कुणी जमवतं का?”

मला त्याचं हे उत्तर प्रामाणिक वाटलं. बरोबर आहे, घड्याळ जमवणाऱ्याला चालू घड्याळ हवं असतं, कारण वेळ दाखवणं हेच त्याचं काम. म्हणजे वस्तूचं काम हाच तिचा जीव, हे त्यानंच कबूल केलं. मग या वस्तूचा जीव कशात आहे? माणूस मरू शकतो यात. ती शक्यता काढून घेतली की त्याचं प्रेम उडतं. मग प्रेम कशावर होतं, रेघांवर की शक्यतेवर? तत्त्वार्थसूत्रात परिग्रहाची व्याख्या मूर्च्छा अशी केली आहे. वस्तू किती आहेत हा प्रश्न पुढचा, जीव कशात गुंतलाय हा प्रश्न आधीचा. त्यानं दशलक्षणात परिग्रह-परिमाण घेतलं तेव्हा यादीत लिहिलं होतं: घर एक, गाड्या दोन, पिस्तुलं पाच. आकडा लिहिला की व्रत झालं, असं त्याला वाटलं. आणि ती यादी वाचून आम्ही मोठ्यांनीही ‘छान, नियम घेतला पोरानं’ म्हटलं. मीसुद्धा. माझी चूक मला इथं नोंदवायची आहे.

मंडळातल्या मैत्रिणींना माझं सांगणं आहे. हे केवळ अमेरिकेतल्या पोरांचं आहे असं समजू नका. आपल्याकडे कायद्यानं परवाना असला तरी दोनच शस्त्रं ठेवता येतात, म्हणून असा संग्रह होत नाही, एवढंच. लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणारे, खेळण्यातली मशीनगन वाढदिवसाला देणारे, मोबाइलवर तासन्‌तास माणसं टिपणारे आपल्याच घरांत आहेत. दुसऱ्याचा वध मनात घोळवणं याला आचार्यांनी अपध्यान म्हटलंय, आणि तेही अनर्थदंडातच आहे. पुढच्या वेळी पोरगा कांदा खातो का हे विचाराल, तेव्हा त्याच दमात हेही विचारा.

भाच्याला मी तिकीट रद्द करते असं म्हटलेलं नाही. मी जाणार आहे. नात माझी आहे. पण विधान त्या घरात तेव्हाच होईल, जेव्हा चार पिस्तुलांचा निकाल लागलेला असेल. विकून नको, म्हणजे हिंसादान नको. तिथं पोलीस जुनी शस्त्रं नष्ट करण्यासाठी घेतात, किंवा एखादं संग्रहालय घेईल. पैसे बुडतील, मला माहीत आहे. तो म्हणाला, एकाच्या किमतीत जुनी गाडी येते. मी म्हटलं, बुडू देत. क्लार्कच्या पाचव्याबद्दल आपण समोरासमोर बसून बोलू. तिथं त्याची बाजू थोडी आहे, आणि मी ऐकून घेईन.

त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. आलं की त्याच्या परवानगीनं इथं टाकीन, माझ्या विरुद्ध असलं तरी. तोवर माझं कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडं. मुद्दा मात्र मागं घेत नाही.

जय जिनेंद्र.